सायकल, मेमू आणि पंचवीस सेंटिमीटर

भंडाऱ्याला रेल्वेनं येणारा माणूस भंडाऱ्याला उतरत नाही, वरठीला उतरतो. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर 'भंडारा रोड' असं ठसठशीत लिहिलेलं असतं. पाहुणा बॅग खांद्याला अडकवून ऐटीत बाहेर येतो आणि जिल्ह्याचं गाव इथून दहा-बारा किलोमीटर लांब आहे, हे त्याला ऑटोवाल्याच्या चेहऱ्यावरच्या आनंदावरून कळतं. तुमसरची तीच गत. तुमसर रोड स्टेशन देव्हाडीत आणि तुमसर तिथून चार-पाच किलोमीटरवर. नागपूरच्या टोकालाही फार वेगळं चित्र नाही. बऱ्याच मेमू आणि पॅसेंजर इतवारीलाच हात टेकतात, अपडाऊनवाल्याचं ऑफिस मात्र सिव्हिल लाइन्समध्ये असतं. मधला तुकडा रेल्वे सांभाळते, दोन्ही शेंडे ज्याचे त्यानं सांभाळायचे असा हा करार आहे.

हे शेंडे सांभाळायला सायकलीइतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. म्हणून अपडाऊन करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कधी ना कधी तो विचार येतोच: सायकल सोबतच नेली तर? हा विचार बहुधा ऑटोवाल्याशी कडाक्याचं भांडण झाल्यावर येतो आणि संध्याकाळी घरी जाहीर केला जातो. बायको म्हणते, "न्या ना मंग." ती इतक्या सहज म्हणते, कारण तिला सकाळच्या मेमूत चढायचं नसतं.

रेल्वेच्या नियमांत सायकलीचा उल्लेख आहे, हीच मुळात पुष्कळांना बातमी वाटते. द्वितीय श्रेणीच्या प्रवाशाला ३५ किलो सामान फुकट नेता येतं. साधी काळी सायकल कॅरिअर, स्टँड, घंटी धरून वीसेक किलोची. हिशेब सोपा आहे. पस्तिसातून वीस गेले, उरले पंधरा. त्यात जेवणाचा डबा, छत्री आणि सासुरवाडीहून आलेले चिन्नोर तांदूळसुद्धा बसले. इथवर आनंदात आलेल्या माणसाला नियमावली पुढच्याच ओळीत आडवा करते. सायकल, स्कूटर असल्या वस्तूंना ही फुकटची सवलत लागूच नाही. वर डब्यात न्यायच्या पेटीचं मापही ठरलेलं आहे: लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी ६०, उंची २५. त्याहून मोठं जे काही असेल ते ब्रेकव्हॅनमध्ये.

आता टेप घेऊन सायकलीजवळ बसावं. लांबी पावणेदोन मीटरच्या वर जाते, तिथंच अर्धा निकाल लागतो. हँडल साठाच्या आतबाहेर करत राहतं. उरले पंचवीस सेंटिमीटर. सायकल उभी धरली तर उंची जाते, आडवी पाडली तर हँडल जातं आणि तिरकी घुसवली तर शेजारचा माणूस जातो. पंचवीस सेंटिमीटरच्या मापात सायकलीचं फक्त सीट बसतं. टेप हातात आहेच म्हणून प्रस्तुत लेखकानं आपल्या पोटाचीही खोली मोजली. निकाल इथं देण्याची गरज नाही. माप पेट्यांना आहे, पोटांना नाही, एवढं रेल्वेचे आभार मानून पुढं जाऊ.

या रुळांचा आणि सायकलीचा शेजार तसा जुना, पण मान रुळांचा. नागपूरहून छत्तीसगडच्या दिशेनं निघालेली मीटरगेज रेल्वे या भागात आली १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला. साखळीनं मागचं चाक फिरवणारी, जवळजवळ सारख्या दोन चाकांची, आज आपण ओळखतो ती सायकल इंग्लंडच्या बाजारात आली १८८५ साली. म्हणजे रेल्वे ही थोरली जाऊ, सायकल धाकटी. थोरलीनं धाकटीला घरात घेतलं, पण स्वयंपाकघराच्या दारातच उभं केलं, ते आजतागायत.

खरं तर या घरात कोण कोण येऊन गेलं नाही? सकाळच्या नागपूरकडच्या मेमूत चढणाऱ्या सामानाची नुसती मोजदाद केली तरी शंभर गुणिले साठ गुणिले पंचवीस हा आकडा लाजून खिडकीबाहेर बघू लागेल. तलावांचा जिल्हा असल्यानं हिवाळ्यात शिंगाड्यांची पोती येतात. ती दारात बसतात आणि त्यांच्यावर माणसं बसतात. मासळीच्या टोपल्या येतात. त्यांना जागा मागावी लागत नाही. लोक आपणहून सरकतात. दुधाच्या कॅन येतात आणि खिडकीच्या गजांना बाहेरून लटकतात, त्यामुळे त्या खिडकीतल्या प्रवाशाला कन्हानची नदी दिसत नाही, ॲल्युमिनियम दिसतं. भाजीवाल्या बायांचे गठ्ठे असतात. भंडाऱ्याच्या पितळी गुंडांची लग्नासाठी केलेली खरेदी असते आणि ती मांडीवर घेऊन बसलेला नवरीचा मामा असतो, जो दर स्टेशनाला "पाहा जी, ठोका बसन" असं म्हणतो. आणि एप्रिल लागला की परतीच्या गाडीला नागपूरहून कूलर येतात. कूलर म्हणजे पत्र्याची एक खोलीच. चौघं जण तो दारातून आत ढकलतात, पाचवा आतून ओढतो आणि कोणी हूं का चूं करत नाही. उलट दोन-तीन अनुभवी मंडळी त्याच्याभोवती जमून खस कुठली आहे, मोटर तांब्याची आहे का, याची चौकशी करतात.

सायकल दिसली की मात्र डबा एकजुटीनं उभा राहतो.

"सायकल कुठं नेता जी?"

"नागपूरले."

"मंग तिच्यावरच बसून कायले नाई गेले?"

या प्रश्नात सगळं आलं. कूलरला कोणी असं विचारत नाही, कारण कूलरला पाय नाहीत. शिंगाडे स्वतःहून इतवारीला जाणार नाहीत. सायकल मात्र स्वतः वाहन आहे, धडधाकट आहे, हवा भरलेली आहे, आणि तरीही गाडीत बसून आयती निघाली आहे. हे लोकांना सहन होत नाही. वरठी ते नागपूर रुळानं साधारण साठ-बासष्ट किलोमीटर पडतं आणि त्या माणसाला साडेनवाला टेबलावर हजर व्हायचं आहे, हा मुद्दा कोणाला सुचत नाही. नियमावलीत आणि डब्यातल्या जनमतात एवढ्या एकाच बाबतीत पूर्ण एकमत आहे: सामान कितीही मोठं चालेल, पण ते लाचार पाहिजे.

अर्थात जनमत कुठं उभं आहे यावर ते अवलंबून असतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण ज्यानं केली तो नक्की गर्दीच्या गाडीनं अपडाऊन करत असला पाहिजे. वरठीच्या फलाटावर हाच सायकलवाला दाराशी ओरडत असतो, "सरका ना जी आत, मंदात लय जागा हाये!" एकदा सायकलीसकट आत आला की तो दाराला पाठ लावून उभा राहतो. पुढं खात स्टेशनला कोणी बिचारा मुलाची तीनचाकी घेऊन चढू लागला तर हाच माणूस सायकलीच्या हँडलवर हात ठेवून म्हणतो, "भाऊ, मागचा डब्बा पाहा. इथं माणसाले जागा नाई, तुमी खेळणे कायले आनता?" थारसा येईपर्यंत तो नियमावलीचा कट्टर पुरस्कर्ता झालेला असतो.

कायदेशीर मार्गानं जायचं ठरवणारी सज्जन माणसंही जिल्ह्यात आहेत. त्यांच्यासाठी रेल्वेनं रीतसर वाट ठेवली आहे. गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी सायकल घेऊन हजर व्हायचं. ती नीट बांधलेली असावी. तिच्यावर नाव, पत्ता आणि कुठून कुठं ते लिहिलेलं लेबल असावं. आधीच्या प्रवासाची जुनी लेबलं असतील तर ती काढलेली असावीत. हे शेवटचं कलम वाचून सज्जन माणसाला भरून येतं, कारण त्याच्या सायकलीनं पूर्वी कुठं प्रवास केला असेल अशी शंका कोणीतरी आदरानं घेतली आहे. मग खिडकीवरचा संवाद सुरू होतो.

"काय आहे?"

"सायकल."

"मोटरसायकल?"

"नाही साहेब, साधी सायकल."

"पेट्रोल काढलं?"

"तिला पेट्रोल नसतं."

"म्हणजे टाकी रिकामी आहे ना? मग तसं म्हणा."

मोटरसायकल पार्सलनं पाठवताना टाकी रिकामी करावी लागते, हा नियम खरा आणि शहाणपणाचा आहे. पण कोणत्याही कचेरीत शहाणपणाचा नियम एकदा पाठ झाला की तो समोर येईल त्याला लावला जातो. सज्जन माणूस टाकी रिकामी असल्याचं कबूल करतो आणि पुढं सरकतो.

आता पैशाचा भाग. जवळच्या अंतराला माणसाचं साधं तिकीट दहा रुपये. सामान बुक करण्याचा किमान आकार तीस रुपये. म्हणजे वरठीहून तुमसर रोडला जायचं तर सायकल मालकाच्या तिप्पट भावानं जाते. यात एक प्रकारचा न्यायही आहे, कारण सायकल वाटेत बिड्या मागत नाही. बुक न करता नेली आणि पकडली गेली तर सामानाच्या दराच्या सहापट, किमान पन्नास रुपये. म्हणजे प्रामाणिकपणाला तीस आणि लबाडीला पन्नास. फरक फक्त वीसचा, हे भंडाऱ्याच्या माणसाच्या लगेच लक्षात येतं. त्यात लबाडीला अर्धा तास आधी यावं लागत नाही.

सज्जन माणसाच्या वाटेतला सर्वांत मोठा धोंडा मात्र पुढं आहे. सायकल ठेवायची ब्रेकव्हॅनमध्ये, आणि मेमूला तशी ब्रेकव्हॅनच नाही. मेमूत पुढं चालक, मागं गार्ड आणि मध्ये शिंगाडे. म्हणून सायकल बुक करायची ती एखाद्या एक्सप्रेसला, आणि ती थांबते दोन मिनिटं. तेवढ्या वेळात व्हॅनचं दार उघडलं, हमाल मिळाला आणि व्हॅनमध्ये आधीच बसलेल्या गठ्ठ्यांनी परवानगी दिली तर सायकल चढते. नाहीतर पुढची गाडी. मालक सकाळी पोचतो, सायकल संध्याकाळी पोचते. ज्या दहा किलोमीटरसाठी ती आणली ते दहा किलोमीटर तो ऑटोनं जातो, आणि संध्याकाळी तीच सायकल सोडवून आणायला पुन्हा ऑटोनं येतो. तिला कुठं पोचा आला तर ती जबाबदारी मालकाची, हेही पावतीवर छापलेलं असतं. २०२२ साली रेल्वेनं गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं आणि त्याआधी हमालांचं सहायक. सायकलीच्या प्रवासात दोघांचीही गाठ पडते, पण दोन मिनिटं दोनच राहिली.

इथं एक गोष्ट नमूद करायला हवी. हावडा-मुंबईच्या या मुख्य मार्गावर मालगाड्या पुष्कळ. कोळसा जातो, पोलाद जातं, तुमसर रोडला तिरोडीच्या फाट्यावरून डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याचं मँगनीज येतं. मेमू लूप लाइनवर उभी असते आणि मालगाडी शेजारून रुबाबात निघून जाते, हे दृश्य इथल्या प्रवाशाला पाठ आहे. डबे मोजण्याचा खेळ कंटाळा येईपर्यंत चालतो आणि मग सुरुवातीला किती मोजले होते यावरून वाद होतो. अशा एका थांब्यात कोणीतरी काढलेला मुद्दा बिनतोड होता. सायकल प्रवाशाचं सामान म्हणून नेण्यात चूक होते आहे. ती कोळशाच्या वाघिणीत टाकली तर मालकाच्या आधी नागपूरला पोचेल.

काही डोकेबाज मंडळींनी वेगळा उपाय काढला आहे: सायकल सुटी करून न्यायची. चाकं काढायची, हँडल फिरवून दांड्याला समांतर करायचं, पॅडल पिशवीत टाकायची आणि सगळ्याला जुन्या लुगड्यात गुंडाळायचं. जपानमध्ये हा रीतसर प्रकार आहे. तिथल्या गाड्यांत सुटी करून पिशवीत घातलेली सायकल चालते, उघडी चालत नाही. त्यासाठी खास पिशव्या मिळतात आणि तिथला माणूस ती पिशवी डब्याच्या कोपऱ्यात ठेवून शांतपणे डोळे मिटतो. आपल्याकडे डोळे मिटण्याची सोय नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडयांचा आणि नाटकांचा हंगाम असतो, त्यामुळे लुगड्यात गुंडाळलेली लांबोडकी वस्तू पाहून डब्याला एकच गोष्ट सुचते.

"वडशाच्या कोनत्या कंपनीचे जी तुमी?"

"कंपनी नाही. सायकल आहे."

"हो का? म्हंजे नाटकात सायकलीचा सीन हाये!"

आता खुलासा करत बसण्यापेक्षा नाटकाची गोष्ट सांगणं सोपं पडतं. बिचारा सुचेल ती सांगतो: गरीब शिक्षक, श्रीमंत सावकार, एक सायकल. रेवराल येईपर्यंत दुसरा अंक होतो, आणि चाचेरला दोन म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावतात. त्याच क्षणी लुगड्याची गाठ सुटून साखळी बाहेर येते आणि समोरच्या गुरुजींच्या पांढऱ्या विजारीवर काळी नक्षी उमटते. गुरुजी नाटकाचं तिकीट फुकट मागतात. ते मान्य होतं.

टीसी आला तर प्रश्न अधिक तात्त्विक होतो.

"सायकल आहे का यात?"

"नाही साहेब, सुटे भाग आहेत."

"कशाचे?"

इथं गप्प बसणं चांगलं. चाक काढलं म्हणजे सायकल सायकल राहत नाही का, आणि राहत नसेल तर कितव्या नटापासून, हा प्रश्न रेल्वेच्या कायद्यातही सुटलेला नाही. १९८९च्या रेल्वे कायद्यात दारू पिऊन गोंधळ घालण्यापासून टपावर बसण्यापर्यंत सगळ्याला कलम आहे, नटबोल्टला नाही. टीसी शहाणा असतो. तो गठ्ठ्याकडे बघतो, गर्दीकडे बघतो, तिथवर पोचायला किती माणसं ओलांडावी लागतील याचा अंदाज घेतो आणि "पुढच्या वेळी बुक करा" म्हणून उतरतो.

अलीकडे या डब्यात एक नवीन प्राणी दिसू लागला आहे. रविवारी पहाटे नागपूरहून निघून मौद्यावरून राष्ट्रीय महामार्गानं भंडाऱ्यापर्यंत सायकल मारणारे हौशी. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यावर गॉगल, पाण्याची बाटली दांड्याला. जाताना त्यांच्यात जगज्जेत्याचा आवेश असतो. वैनगंगेच्या पुलावर फोटो निघतात. परतीला ऊन आणि समोरून वारा लागला की त्यांतल्या एकाला वरठीची आठवण होते. तो लंगडत फलाटावर येतो. लोक वाट सोडतात, कारण असा माणूस एकतर परदेशी असतो नाहीतर आजारी.

"कितीची घेतली जी?"

तो हळू आवाजात आकडा सांगतो.

"एवढ्यात तर स्प्लेंडर आली असती!"

मग तपासणी सुरू होते. स्टँड? नाही. कॅरिअर? नाही. मडगार्ड? नाही. घंटी? तीही नाही. टायर पाहून तर एका काकूंच्या तोंडून "अग बाई, वारलं लेकरू" असं निघतं, म्हणजे वाळलं. डबा हळहळतो. एवढे पैसे घेऊन दुकानदारानं या पोराला अर्धीच सायकल दिली, हे सगळ्यांच्या लक्षात आलेलं असतं. जो डबा रोजच्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला दारात पाऊल ठेवू देत नाही, तोच डबा या महागड्या सांगाड्याला आतमध्ये जागा करून देतो. वर एक जण त्याला भंडाऱ्यातल्या एका दुकानाचं नाव सांगतो, "आमचं नाव सांगा, कॅरिअर स्वस्तात बसवून देईल."

सायकलीवरून भांडायचं कसं, हे जगाकडून शिकण्यासारखं आहे. सायकलींचा देश म्हणून नाव कमावलेल्या नेदरलँड्समध्ये सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या गर्दीच्या वेळात साधी सायकल रेल्वेत चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तेवढी सुट्टी. इतर वेळी सायकलीचं वेगळं तिकीट. घडीची सायकल मात्र केव्हाही फुकट. लंडनच्या भुयारी रेल्वेतही गर्दीच्या वेळी घडीच्या सायकलीलाच प्रवेश. कोपनहेगनच्या लोकलनं २०१० साली सायकलीचं भाडंच काढून टाकलं. मेमूतल्या एखाद्या वाचकाला हे सांगून पाहावं. तो विचारतो, "गर्दीच्या वेळी म्हंजे कवा?" या मार्गावर वेळांची अशी विभागणी करणं अवघड आहे, कारण गाडी उशिरा आली की गर्दीही तिच्याबरोबर उशिरा येते.

डच लोकांनी यावर जो तोडगा काढला तो मात्र ऐकण्यासारखा आहे. ते सायकल नेतच नाहीत, दोन ठेवतात. एक घराकडच्या स्टेशनवर, दुसरी, जरा मोडकी, ऑफिसकडच्या स्टेशनवर. उत्रेख्तच्या स्टेशनखाली तर साडेबारा हजार सायकलींचा वाहनतळ आहे. मुंबईचे डबेवालेही वेगळं काय करतात? डबे लोकलच्या माल डब्यातून जातात, सायकली आपापल्या स्टेशनबाहेर वाट बघत उभ्या असतात. सायकलीनं रुळांच्या भानगडीत पडायचंच नाही, हे त्यांना फार आधी कळलं.

अपडाऊनवाल्यांतही दोन सायकलींचा संसार करणारे आहेत. तो संसार दिसतो तितका सोपा नसतो. वरठीच्या टोकाची सायकल चांगली असते, कारण ती गावातल्या लोकांना दिसते. नागपूरच्या टोकाची सायकल अशी निवडावी लागते की चोराला ती उचलताना स्वतःची लाज वाटावी. सीट फाटकं पाहिजे, पण बसता आलं पाहिजे. ब्रेक एकच पाहिजे. एवढी तयारी करूनही चोर येतो आणि फक्त घंटी नेतो, कारण तेवढीच चालू असते. मग किल्ल्यांचा घोळ होतो. वरठीची किल्ली नागपुरात आणि नागपूरची घरी खुंटीवर. दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात ओवल्या तर एके दिवशी ते जुडगंच कुलपाला लटकत राहतं आणि मेमू निघते.

सायकल स्टँडवाल्याच्या बाजूनंही दोन शब्द बोललेच पाहिजेत. त्याच्याकडे पूर्वी सायकलींच्या रांगा असत, आता मोटरसायकलींच्या असतात, आणि सायकली भिंतीकडेला एकमेकींत हँडल अडकवून उभ्या राहतात. एक काढायला गेलं की पाच पडतात. सीटवर खडूनं लिहिलेला नंबर पावसात पुसला जातो, मग संध्याकाळी ओळखपरेड होते. "ही माहीच हाये, पन सीट माही नाई," असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "सीट माही हाये, पन सायकल माही नाई." स्टँडवाला दोघांना समोरासमोर उभं करून निघून जातो. सायकलीचे दिवस गेले, हे त्याला कोणी सांगायला नको. ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो नेमका ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनी. स्टँडमधल्या काळ्या ॲटलस तरीही उभ्या आहेत. त्यांना बातमी पोचलेली नाही.

आता नागपूरकडून सुधारणेचं वारं येऊ लागलं आहे. नागपूर मेट्रोत सायकल डब्यात नेता येते. म्हणजे ज्याला इतवारीहून पुढं सायकल हवी आहे त्याची अर्धी अडचण मिटली. फक्त ती सायकल मेट्रोपर्यंत आणायची, आणि त्यासाठी मेमू आहेच. मेट्रोचा दुसरा टप्पा भंडाऱ्याच्या रस्त्यानं कापसीच्या ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत मंजूर झाला. त्याशिवाय २०१८ साली ब्रॉडगेज मेट्रोचा करार झाला: याच रुळांवरून नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोडपर्यंत वातानुकूलित मेट्रो धावणार, अशी ती योजना. तेव्हापासून मेमू लूप लाइनवर उभी राहिली की ब्रॉडगेज मेट्रोचा विषय निघतो आणि लोक त्या गाडीत बसूनच बोलू लागतात. एसी किती गार असेल, दारं आपोआप लागली की दुधाच्या कॅन कुठं लटकवायच्या, मासळीच्या टोपलीचं काय, सगळं ठरतं.

एकदा मागच्या कोपऱ्यातून दूधवाला म्हणाला, "मेट्रोत सायकल चालते म्हनतात. मी तं आनन."

"आना," दारातला माणूस म्हणाला, "पन बंद दाराच्या डब्यात ते तेलाची साखळी आमच्या अंगाले लावाची नाई."

"तुमच्या अंगाले कायले लावतो? मी खिडकीपाशी उभा राहीन."

"खिडकीची जागा माही हाये. मी खातपासून बसतो."

"खातले मेट्रो थांबन तवा ना!"

"कायले नाई थांबन?" आता अख्खं खात उठून उभं राहिलं. थारशाच्या मंडळींनी खातची बाजू घेतली, कारण खातला थांबली नाही तर थारशालाही थांबणार नाही. कामठीवाल्यानं मध्यस्थी करू पाहिली तर त्याला, तुमच्याकडे दर मिनिटाला बस आहे, तुम्ही बोलू नका, असं सांगण्यात आलं. गुरुजींनी सायकलींसाठी शेवटचा डबा राखून ठेवावा अशी सूचना मांडली. तिला शेवटच्या डब्यात रोज बसणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. सिग्नल पडला, मेमू हलली, तरी हातवारे चालूच होते. अखेर कूलरवर बसलेल्या एका काकांनी निकाल दिला, की सायकल आणा, पण तिच्या पुढच्या चाकापाशी त्यांचा कूलर राहील, आणि ती जागा त्यांनी आजच धरून ठेवली आहे.